घडीचा चाकू निवडताना: रानात, बागेत आणि रोजच्या वापरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोपवाटिकेत काम करणारे, वनस्पतींचे नमुने गोळा करणारे विद्यार्थी, सह्याद्रीत भटकणारे ट्रेकर आणि फळबागायतदार यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे कोकण, घाट आणि देशावरची हवा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. परदेशी परीक्षणांमध्ये चाकूची परीक्षा कोरड्या, थंड हवेत झालेली असते. आपल्याकडे त्याला चार महिने पावसात भिजायचे असते आणि उरलेले आठ महिने चीक, घाम आणि धूळ झेलायची असते.

घरात कोयता आहे, सुरी आहे. मग घडीचा चाकू कशाला?

कोयता फांदी तोडतो, पण दोरीची गाठ कापायला किंवा पॉलिथिनची पट्टी फाडायला तो नेमका घरी राहिलेला असतो. घडीचा चाकू सोबत असतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. दोर, खताच्या गोणीची शिवण, ठिबकची नळी, फळाची फोड, नमुन्यासाठी डहाळी ही त्याची कामे.

त्याचबरोबर एक मर्यादा पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या. घडीच्या चाकूची कमकुवत जागा म्हणजे त्याचा सांधा. कितीही महागडा असला तरी पाते एका खिळीवर फिरते आणि एका छोट्याशा लॉकवर टेकते. मागून दगडाने ठोकून लाकूड फोडणे, नारळ सोलणे किंवा दगडाखाली पहारीसारखा घालून जोर लावणे ही कामे त्याची नाहीत. त्यासाठी कोयताच. ‘मजबूत’ हा शब्द जाहिरातीत वाचून ज्यांनी हे सगळे करून पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांच्या बोटांवर त्याच्या खुणा आहेत.

पाते किती लांब असावे?

सात ते नऊ सेंटीमीटर. एवढ्या पात्याने आंबा कापता येतो, दोर कापता येतो, भाजीही चिरता येते. दहाच्या पुढे गेलात की खिशात अडचण होते आणि चारचौघांत काढला की लोक दचकतात. हा दुसरा मुद्दा किरकोळ समजू नका. एसटीत किंवा गावच्या पारावर बसून चाकू उघडायचा असेल, तर तो अवजार दिसला पाहिजे, हत्यार नाही.

लॉक हवेच का? आणि कोणते?

टोकाने काही भोसकायचे किंवा कोरायचे असेल तर हवे. नुसते कापायचे असेल तर त्याच्यावाचून अडत नाही. कापताना जोर धारेवर येतो, म्हणजे पाते उघडण्याच्याच दिशेने रेटले जाते. टोक खुपसताना किंवा अडकलेले पाते मागे ओढताना मात्र ते बोटांवर मिटू शकते.

स्विस व्हिक्टोरिनॉक्सचे खिशातले बहुतेक चाकू बिनलॉकचे असतात. पाठीची स्प्रिंग पाते धरून ठेवते, बस. हाताला सवय असलेल्या माणसाला तेवढे पुरते, आणि सवय लावून घेण्यासारखीच ती आहे.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल या चाकूला मुठीच्या तोंडाशी एक पोलादी कडे असते. ते फिरवले की पाते अडते. हे कडे १९५५ साली आले. यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. चिखल गेला तर पाण्याखाली धरून दोनदा फिरवले की काम झाले. शेतात मला हे लॉक फार आवडते.

पाठीवरचे लॉक, म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूला दाबायची पट्टी असते तो प्रकार, मजबूत असतो. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही हातांना तो सारखाच. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ पासून असाच बनतो. तो आहे दणकट, पण वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे रोज खिशात जड होतो. या लॉकची खाच बारकाईने बघत जा. तिच्यात लाल माती घट्ट बसली की पट्टी पुरती खाली बसत नाही. पाते उघडलेले दिसते, पण अडलेले नसते. उघडल्यावर ‘खट्’ असा पूर्ण आवाज आला की नाही, हे ऐकायची सवय लावा.

लाइनर लॉक आणि फ्रेम लॉक यांत मुठीतली धातूची पट्टी आतून सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. स्वस्त चाकूंत सर्वाधिक हेच सापडते आणि स्वस्त चाकूंत सर्वाधिक हेच दगा देते, कारण पट्टी नीट घासलेली नसते. शिवाय बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. घ्यायचाच असेल तर नावाजलेल्या कंपनीचा घ्या.

लॉक कुठलेही असो, ते बोटांचे विमा संरक्षण नव्हे. पाते मिटले तर बोटे कुठे असतील, हे बघूनच चाकू धरायचा.

पोलाद कोणते घ्यावे? नावे वाचून डोके फिरते.

नावांवर जितका वेळ जातो तितका धार लावायला शिकण्यात घालवला, तर दुप्पट फायदा होईल. तरीही आपल्या हवेसाठी काही गोष्टी माहीत असाव्यात.

कार्बन पोलाद, म्हणजे आपल्या विळीचे आणि विळ्याचे पोलाद. साध्या दगडावर झटकन धार येते. पण आंबा, चिंच, कोकम, लिंबू यांच्या आंबटपणाने ते काळे पडते आणि ओले ठेवले तर रात्रीत तांबूस डाग धरते. काळेपणा चालतो, उलट तो पात्याला थोडे वाचवतो. लाल गंज मात्र पाते खातो. रोज पुसणाऱ्या माणसासाठी हे उत्तम पोलाद आहे. चाकू ओल्या सॅकमध्ये टाकून आठवडाभर विसरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

साधे स्टेनलेस, उदाहरणार्थ स्वीडनचे १२सी२७ किंवा १४सी२८एन, किंवा व्हिक्टोरिनॉक्स वापरते ते मऊसर पोलाद. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर व्हिक्टोरिनॉक्सचे पाते ५६ च्या आसपास असते. धार लवकर उतरते, पण लवकर चढतेही. कोकण आणि गोव्यातल्या माणसाने डोळे मिटून यातलेच घ्यावे.

डी२ हे पोलाद सध्या स्वस्त चिनी चाकूंत फार दिसते आणि ‘धार महिनोन्‌महिने टिकते’ म्हणून खपवले जाते. धार टिकते हे खरे. मुळात ते साचे आणि डाय बनवण्याचे पोलाद आहे. त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असते, पण कार्बन भरपूर असल्याने बरेचसे क्रोमियम कार्बाइडच्या, म्हणजे कार्बनशी जुळून बनलेल्या, कणांत अडकून पडते आणि गंज रोखायला मोकळे उरत नाही. मराठवाड्यात, विदर्भात चालेल. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर ठिपके येतात. शिवाय धार गेली की साध्या दगडावर परत आणताना मनगट दुखते.

एस३०व्हीसारखी भुकटीपासून बनवलेली पोलादे चांगलीच आहेत, पण त्यांना हिऱ्याची पट्टी लागते. तालुक्याच्या बाजारात ती मिळत नाही. आणि ज्यांचा दिवस खाऱ्या पाण्यात जातो, होडीवर, कोळंबीच्या तळ्यावर, त्यांच्यासाठी एच१ नावाचे पोलाद आहे. त्यात कार्बनची जागा बरीचशी नायट्रोजनने घेतलेली असल्याने ते जवळजवळ गंजतच नाही. महाग आहे, पण त्या कामाला दुसरे काही सुचवणार नाही.

जाड पाते म्हणजे मजबूत पाते ना?

वाकायला मजबूत, कापायला वाईट. चार मिलीमीटर जाडीचे पाते सफरचंद कापत नाही, फोडते. दोन ते तीन मिलीमीटर पुष्कळ झाले. पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत आलेले पाते सर्वांत चांगले कापते. टोक फार निमुळते नको, ते मोडते. काळा लेप असलेली पाती आकर्षक दिसतात, पण लेप ओरखडतो आणि गंज सुरू होतो तो नेमका त्या ओरखड्यातून.

याच चाकूने कलमे बांधता येतील का?

चार कलमे बांधता येतील, हंगाम काढता येणार नाही. बागायतदारांकडून हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून थोडे सविस्तर.

साध्या चाकूला दोन्ही अंगांनी उतार असतो. त्यामुळे काप घेताना पाते लाकडात किंचित वळते आणि काप मधे खोलगट किंवा फुगीर होतो. कलमाच्या चाकूला उतार एकाच अंगाला असतो, दुसरे अंग सपाट. ते सपाट अंग काडीला टेकवून एका ओढीत काप घेतला की तो आरशासारखा सपाट येतो. कलम जगते ते काडीच्या सालीखालचा जिवंत हिरवा थर खुंटाच्या, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या रोपाच्या, थराला चिकटून बसला तर. मधे फट राहिली की तिथे पाणी आणि बुरशी शिरते.

आंब्याच्या कोय कलमात तर फरक फारच जाणवतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ज्या पद्धतीचा प्रसार केला, तिच्यात रोप कोवळे, तांबूस पानांचे, दहा-पंधरा दिवसांचे असते. अशा नाजूक खुंटाला उभी चीर देऊन त्यात काडीची पाचर बसवायची असते. जाड पात्याने चीर दिली तर खुंट चिरतच खाली जातो. संत्र्याला जंबेरीच्या, म्हणजे एका लिंबाच्या जातीच्या, खुंटावर डोळे भरताना साल उचलायची बोथट पट्टी लागते, ती कलमाच्या चाकूला मागे किंवा पात्याच्या पाठीवर दिलेली असते.

कलमाचा चाकू वेगळाच ठेवा आणि त्याने दुसरे काहीही कापू नका, सुतळीसुद्धा नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटच्या बोळ्याने पाते पुसा, म्हणजे रोग सोबत जात नाही. डावखुऱ्यांनी खरेदीपूर्वी नक्की विचारावे, कारण एका अंगाचा उतार त्यांना उलटा लागतो. तसे चाकू बनतात, पण मागवावे लागतात.

करवतीसारखी दातेरी धार घ्यावी का?

नायलॉनचा दोर दिवसभर कापणाऱ्यांनी घ्यावी. बाकीच्यांनी साधी. दातेरी धारेला घरी पुन्हा धार लावणे किचकट असते.

मूठ लाकडाची की प्लास्टिकची?

लाकूड हाताला सर्वांत गोड. पण ओपिनेलची मूठ बीच लाकडाची असते आणि जुलैच्या पावसात ती फुगते. मग पाते इतके घट्ट बसते की नखाने उघडत नाही. मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर हलके आपटले की पाते थोडे बाहेर येते. पाऊस लागण्यापूर्वी सांध्याच्या खाचेत जवसाचे तेल मुरवून चार-सहा दिवस वाळू दिले, तर त्रास पुष्कळ कमी होतो. ज्यांना हे सांभाळायचे नाही त्यांनी नायलॉनची, जी१० ची (काचतंतू आणि राळेपासून बनवलेला टणक पदार्थ) किंवा खडबडीत अ‍ॅल्युमिनियमची मूठ घ्यावी. गुळगुळीत धातूची मूठ घामाने आणि फणसाच्या चिकाने निसटते. रंग भडक घ्या, केशरी किंवा पिवळा. पालापाचोळ्यात काळा-हिरवा चाकू पडला तर पुढच्या हंगामापर्यंत सापडत नाही.

एका हाताने उघडणारा आणि बटणाचा, यांत फरक काय?

मोठा फरक आहे. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये पात्याला गोल भोक असलेला आणि खिशाला अडकवायची क्लिप असलेला चाकू आणला, तेव्हापासून अंगठ्याने पाते उघडण्याची पद्धत रूढ झाली. त्यात पाते तुमच्या अंगठ्याच्या जोराने उघडते. झाडावर चढून एका हाताने फांदी धरलेल्या माणसाला ही सोय मोलाची आहे. बटणाच्या, म्हणजे खटक्याच्या चाकूत स्प्रिंग पाते बाहेर फेकते. आपल्याकडे त्याला रामपुरीची ओळख चिकटलेली आहे. शेतात त्याचा काडीचा उपयोग नाही आणि पोलिसांपुढे त्याचे स्पष्टीकरण देता येत नाही. घेऊ नका.

असा चाकू बाळगणे कायदेशीर आहे का?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ यांत धारदार शस्त्रांच्या वर्गात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारे येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आठ सेंटीमीटरचा घडीचा चाकू या मापाच्या खूप आत बसतो.

पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, मोर्चे अशा काळात मनाई आदेश निघतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश पंधरा दिवसांपुढे चालत नाही, म्हणून तो पंधरा-पंधरा दिवसांसाठी पुन्हा काढला जातो. त्या काळात सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यावर बंदी असू शकते, आणि तिथे पात्याची इंचातली मापे कामी येत नाहीत. शहरात जाताना चाकू घरी ठेवा. कामावर जाताना तो अवजारांच्या पिशवीत, सिकेटर (छाटणीची कात्री) आणि सुतळीच्या शेजारी ठेवा. पिशवी बघितली की काम दिसते.

अभयारण्यात ट्रेकला नेता येतो का?

परवानगीशिवाय नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचाही उल्लेख आहे. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर, कोयना, राधानगरी या ट्रेकरांच्या नेहमीच्या वाटा अभयारण्यांतून जातात. नमुने गोळा करणाऱ्यांनी संशोधनाच्या परवानगीच्या अर्जातच चाकू, सिकेटर आणि इतर अवजारांची यादी द्यावी. फाटकावरच्या वनरक्षकाशी हुज्जत घालू नये, तो त्याचे काम करतो आहे.

विमानात?

हातातल्या सामानात नाही. चेक-इनच्या बॅगेत, नीट गुंडाळून. मेट्रोत सामानाची तपासणी होते, तेव्हा त्या दिवशी चाकू घरीच राहू द्या.

पावसाळ्यात गंजापासून कसा वाचवायचा?

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सांध्यात फुंकर मारा, कापडाने पुसा आणि पाते उघडे ठेवून वाळवा. मिटलेल्या ओल्या चाकूला आतून गंज चढतो आणि तो बाहेरून दिसत नाही. चामड्याच्या म्यानात तर पावसाळ्यात ठेवूच नये, चामडे ओल धरून बसते.

तेल कोणते? मेडिकलच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन. अन्न कापायच्या पात्याला ते चालते आणि खवट होत नाही. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल सांध्यात घालू नका, काही आठवड्यांत ते चिकट होऊन धूळ धरते. शिवणयंत्राचे तेल सांध्यासाठी उत्तम, फक्त फळ कापण्याआधी पाते पुसून घ्या. आंब्या-फणसाचा चीक पाण्याने निघत नाही. आधी तेलाने चोळा, मग साबण.

धार कशी लावू? रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे दिला तर?

चाकावर देऊ नका. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पात्याची कड तापते, निळी पडते आणि पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते. ती जागा मग धार धरत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू भरड, एक बारीक. तोच पुरेसा. दगड पाण्याने ओला करा, पाठ थोडी उचलून पाते प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास धरा आणि बुडापासून टोकापर्यंत, दगडाचा पातळ काप काढत असल्यासारखे, ओढा. अंश मोजायला साधन नको. पाते उभे धरा, म्हणजे नव्वद. निम्मे झुकवा, पंचेचाळीस. पुन्हा निम्म्याहून थोडे जास्त झुकवा, झाले. एका बाजूला घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला बोटाला बारीकशी कड लागत नाही. ती कड लागली की बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने आणि मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने दहा-वीस फेऱ्या. कोन एकसारखा ठेवणे एवढेच कौशल्य आहे, आणि ते हाताला थोड्या सरावाने येते.

रानात दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची बिनझिलईची कडा चालते. हे खरोखर काम देते.

साप चावला तर चाकूने चीर द्यायची का?

नाही. कधीही नाही. चीर देऊ नका, रक्त चोखू नका, आवळपट्टी बांधू नका. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठणे थांबते. अशा माणसाला दिलेली चीर वाहतच राहते. माणसाला निजवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. चाकूचे काम एवढेच, की सूज येण्याआधी घट्ट बाही किंवा पायजमा कापून मोकळा करावा. अंगठी आणि कडे हाताने काढावे.

स्वसंरक्षणासाठी ठेवला तर?

त्यासाठी चाकू घेऊ नका. झटापटीत तो उघडायलाच वेळ मिळत नाही, हिसकावला जाण्याची भीती असते, आणि ज्या उद्देशाने बाळगला तोच उद्देश कायद्यापुढे तुमच्या विरोधात जातो. या कारणासाठी कोणता चाकू घ्यावा, असे विचारणाऱ्याला मी एकही नाव सांगत नाही.

मग शेवटी कोणता घेऊ?

शेतकरी आणि बागायतदार: व्हिक्टोरिनॉक्सचा फार्मर. खडबडीत अ‍ॅल्युमिनियमची मूठ, चांगले पाते आणि एक छोटी करवत, जी अंगठ्याएवढी फांदी सहज कापते. लॉक नाही, हे लक्षात ठेवा.

ट्रेकर आणि विद्यार्थी: ओपिनेल ८ नंबर, स्टेनलेस पात्याचा. साडेआठ सेंटीमीटर पाते, हलका, स्वच्छ करायला सोपा, हरवला तरी जीव हळहळत नाही.

वायरिंग, पंप, ठिबक बघणारे: पक्कड असलेले मल्टिटूल. त्यांना चाकूपेक्षा पक्कड जास्त लागते.

विकत घेताना काय तपासावे?

पाते उघडून डावी-उजवीकडे हलवा, खेळ नको. मिटलेल्या चाकूत पाते बरोबर मधोमध बसते का पाहा. लॉक लावून पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबा, बोटे पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. सरकले तर परत द्या. व्हिक्टोरिनॉक्सच्या नकला फुटपाथवर सर्रास मिळतात. खऱ्यावर पात्याच्या बुडाशी कंपनीचे आणि स्वित्झर्लंडचे नाव स्वच्छ कोरलेले असते, आणि प्रत्येक अवजार मिटताना एकसारखा ठाम आवाज येतो.

जुन्या चाकूच्या पात्यात खेळ आला आहे. फेकून देऊ?

स्क्रूचा सांधा असेल तर नाही. आधी सांधा धुऊन तेल द्या, कारण बऱ्याचदा वाळू अडकलेली असते. मग स्क्रू अगदी किंचित, पाव फेरीच्याही आत, आवळा आणि प्रत्येक वेळी पाते उघडून बघा. खिळीचा सांधा असेल तर खिळीचे डोके ऐरणीवर हलक्या हातोडीने ठोकून घट्ट करता येते. गावचा लोहार हे नीट करतो, मात्र त्याला पाते तापवू नका असे आधीच सांगा. लॉकच झिजले असेल तर तो चाकू फळे कापायला स्वयंपाकघरात ठेवा आणि रानात नवा न्या.